पाणी किती? दूरच्या सोबत्यांना रोजचा किस्सा कसा लिहून सांगावा

पावसाळ्यात सांगलीत दोन ओळखीची माणसे भेटली की नमस्काराच्या पाठोपाठ ‘पाणी किती?’ हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर फुटांत मिळते. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते, कारण २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर बहुतेक घरांनी भोगले तरी आहेत किंवा जवळून पाहिले तरी आहेत. मात्र जुलैतल्या एखाद्या साध्या सकाळी, नदी विसाएक फुटांवर निवांत वाहत असताना, कोणी ‘पाणी किती?’ असे विचारले तर त्या प्रश्नाचा पुराशी फारसा संबंध नसतो. घरचे बरे आहेत ना, दोन मिनिटे थांबायला वेळ आहे ना, एवढेच त्यात विचारलेले असते.

आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप गेली काही वर्षे अशाच प्रश्नांवर चालतो. आम्ही सात-आठ जण सांगली-मिरजेत राहिलो, बाकीचे पुणे, मुंबई, बंगळुरू, दुबई असे पांगले. सुरुवातीच्या काळात ग्रुपवर सुप्रभातची फुले, देवांचे फोटो आणि कुठून तरी आलेले सुविचार यांचा इतका ढीग साचत असे की खरे बोलणे त्याखाली दबून जाई, आणि वर्षभरात निम्म्या लोकांनी ग्रुपचा आवाज बंद करून टाकला. पुढे कोणीतरी रसवंतीवर ऐकलेले एक वाक्य लिहिले, त्याला दुसऱ्याने उत्तर दिले आणि हळूहळू रोजच्या किश्शांची सवय लागली. त्या सवयीतून जे शिकायला मिळाले ते येथे क्रमाने मांडतो. ज्यांना सांगायचे खूप असते, पण लिहायला बसल्यावर त्याचा अहवाल होतो किंवा निबंध होतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पायरी पहिली: ऐकलेले वाक्य तिथल्या तिथे टिपून ठेवावे

किस्सा म्हणजे मोठी घटना, असा एक गैरसमज असतो. अपघात, चोरी, निवडणुकीचा निकाल या बातम्या असतात आणि त्या सांगायला वर्तमानपत्रे आहेत. मित्रांना सांगायचा किस्सा बहुधा इतका लहान असतो की संध्याकाळी घरी चहा घेताना आपण तो सहज सांगितला असता आणि समोरच्याने कप खाली न ठेवता तो ऐकला असता. गिरणीत दळण ठेवताना, एसटीत खिडकीजवळच्या जागेवरून, बँकेत पासबुक भरून घेताना, भडंगाच्या दुकानात ‘तिखट किती’ यावर चाललेल्या घासाघिशीत असे किस्से रोज घडतात. माझी कसोटी अशी आहे की त्यात कोणीतरी बोललेले निदान एक वाक्य असावे, जे मला माझ्या शब्दांत सांगता येणार नाही.

ते वाक्य मात्र टिकत नाही. घटना आठवड्याने आठवते, पण बोललेले शब्द संध्याकाळपर्यंत आपल्या तोंडच्या भाषेत मिसळून जातात. ‘येतायसा न्हवं?’ याचे चार तासांत ‘येताय ना?’ होते, आणि मग त्यातला माणूस निघून गेलेला असतो. म्हणून वाक्य कानावर पडले की लगेच फोनमध्ये लिहून ठेवावे. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवता येतो, त्यासाठी वेगळी वही लागत नाही. बाकीचा तपशील, म्हणजे कपडे, वेळ, कोण कुठे उभे होते, हे नंतरही आठवते.

पायरी दुसरी: कोणाला सांगतो आहोत हे ठरवावे

हे वाचायला सोपे वाटते, पण बहुतेक किस्से येथेच फसतात. गाव सोडून गेलेल्या माणसाच्या मनात गाव त्याने सोडले त्या वर्षी थांबलेले असते. १९९५ मध्ये बाहेर पडलेल्या मित्राला हरभट रोड, मारुती चौक, स्टेशन चौक, सरकारी घाट हे सगळे डोळे मिटून दिसते, पण गेल्या पाच वर्षांत उघडलेल्या हॉटेलाचे नाव त्याला काहीच सांगत नाही. ‘नव्या शोरूमसमोर’ असे लिहिले की तो लगेच बाहेरचा होतो. ‘जिथे आपण सायकलचे पंक्चर काढायचो त्या कोपऱ्यावर’ असे लिहिले की तो तिथे येऊन उभा राहतो. जागा सांगताना वाचणाऱ्याच्या नकाशावरची सांगावी, हा माझ्या मते या सगळ्या लेखातला सर्वात उपयोगाचा सल्ला आहे.

ग्रुप मिश्र असेल, म्हणजे एखादा सोलापूरचा, एखादी नागपूरची, आणि सांगली फक्त हळदीच्या पुडीवर वाचलेले दोन-चार जण असतील, तर जागेचे नाव न सांगता जागा दाखवावी. ‘नदीकाठचा घाट, पायऱ्यांवर शेवाळ’ एवढे पुरते.

पायरी तिसरी: लिहावे आणि मग वरून कापावे

येथे थोडा वेळ थांबून माझाच एक किस्सा उलगडून दाखवतो. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत सकाळी पुलावर फिरायला गेलो असताना एक आजोबा फोनवर बोलत होते. घरी येऊन मी जो पहिला मजकूर लिहिला तो असा होता:

‘नमस्कार मित्रमैत्रिणींनो. आज सकाळी मी नेहमीप्रमाणे फिरायला बाहेर पडलो. गेले काही दिवस कोयनेच्या पाणलोट क्षेत्रात जोरदार पाऊस सुरू असल्यामुळे आपल्या कृष्णामाईची पातळी वाढली आहे. आपला आयर्विन पूल १९२९ साली बांधून झाला हे आपणा सर्वांना माहीत आहेच. त्या पुलावर रोज अनेक नागरिक पाणी बघायला येत असतात. आज तेथे एक वयोवृद्ध गृहस्थ भेटले. ते आपल्या कोणा नातलगाला फोनवरून पाण्याची पातळी कळवत होते. त्यांचे ते प्रेम पाहून मन भरून आले. आजच्या धावपळीच्या युगात अशी नाती दुर्मीळ झाली आहेत…’

पुढे अजून सहा ओळी होत्या, त्या येथे देत नाही. यात एकही विधान खोटे नाही, पण आजोबा येईपर्यंत वाचणाऱ्याचा अंगठा पुढच्या निरोपावर गेलेला असेल. शिवाय ते जे बोलले ते कुठेच नाही, आणि जे कोणी विचारले नव्हते, म्हणजे माझे भरून आलेले मन आणि धावपळीचे युग, ते सगळे आहे. मी तो मजकूर पाठवला नाही. दुपारी जेवणानंतर पुन्हा बसलो आणि जे पाठवले ते असे:

‘सकाळी पुलावर. सत्तरीतले एक आजोबा, धोतर, डोक्याला टोपी, कानाला फोन. वाकून पट्टीकडे बघत ओरडत होते, “एकोणतीस! काल एकतीस हुतं. आता निवांत झोप.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आजोबा जरा थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, “न्हाई अजून. जातो, घेतो च्या.”’

पहिल्या मजकुरातून दुसऱ्याकडे येताना काय काय झाले ते क्रमाने पाहावे. नमस्कार गेला, कारण रोज भेटणाऱ्या माणसाला रोज नमस्कार घातला तर तो दचकतो. ‘नेहमीप्रमाणे’ गेले, कारण नेहमीचे सांगण्यासारखे नसते. पुलाचे साल गेले, पण ते वाया गेले नाही: संध्याकाळी दुबईच्या मित्राने ‘पूल आपल्या आज्जीच्या लग्नाआधीचा का नंतरचा?’ असे विचारले, तेव्हा १९२९ हा आकडा कामाला आला आणि त्यावर अर्धा तास आज्ज्यांच्या लग्नांचे हिशेब चालले. माहिती ही विचारल्यावर द्यायची गोष्ट आहे, ती आधीच वाढून ठेवली की ताटात गार होते. ‘मन भरून आले’ हे वाक्य कापताना मला खरोखर वाईट वाटले, कारण ते भरून आले होते, पण वाचणाऱ्याचे भरून यायचे असेल तर सांगणाऱ्याने आपले थोडे आवरावे लागते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पलीकडून काय विचारले गेले ते मी लिहिले नाही. मला ते ऐकूच आले नव्हते, त्यामुळे यात माझी काही हुशारी नाही. पण त्या न ऐकलेल्या प्रश्नामुळे ग्रुपवर रात्री अकरापर्यंत चर्चा रंगली. पुण्याच्या मैत्रिणीचे म्हणणे पडले की ती त्यांची मुलगी असणार, नदीकाठच्या गावात दिलेली. एकाने सांगितले की बहीण, कारण बायकोला कोणी ‘निवांत झोप’ म्हणत नाही. यावर दोन बायकांनी त्याला धारेवर धरले. त्या दिवसापासून मी किस्सा संपवताना शेवटचे एक वाक्य मुद्दाम खोडतो आणि तरी तो उभा राहतो का ते पाहतो. दहातल्या सात वेळा तो अधिक चांगला उभा राहतो.

लांबीचा नियम विचारलात तर फोनच्या पडद्यावर बोट न सरकवता दिसेल एवढे. त्याहून मोठा मजकूर ॲप दुमडून ठेवते, आणि दुमडलेले उघडून वाचणारे कमी असतात. फारच मोठी गोष्ट असेल तर ती दोन निरोपांत तोडावी, पण तोडताना पहिला निरोप अशा जागी थांबवावा की कोणीतरी ‘मग?’ विचारेल. कोणी विचारले नाही तर दुसरा पाठवू नये. हे कठोर वाटेल, पण प्रामाणिक आहे.

पायरी चौथी: लिपी, टंकन आणि बोली

रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांशी माझे जुने भांडण आहे. त्या लिपीत न आणि ण, त आणि ट, द आणि ड यांना एकेकच अक्षर मिळते, त्यामुळे ‘वाट बघतोय’ आणि ‘वात बघतोय’ सारखेच दिसते आणि ‘मण’ की ‘मन’ हे संदर्भावरून ओळखावे लागते. कामाच्या निरोपात हे चालून जाते. किश्शात मात्र सगळी गंमत उच्चारात असते, आणि ‘न्हाई’, ‘हुतं’, ‘च्या’ हे शब्द देवनागरीतच डोळ्यांना ऐकू येतात. फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा एकदा जोडून घेतली की पंधरवड्यात हात बसतो.

बोलून टंकन करण्याची सोय वयाने मोठ्या मंडळींना वरदान आहे, पण दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक म्हणजे ते यंत्र विरामचिन्हे पुष्कळदा गाळते, त्यामुळे कोण बोलले आणि कोणाला बोलले हे कळत नाही. दुसरे म्हणजे त्याला प्रमाण मराठीचा लळा आहे: तुम्ही ‘हुतं’ म्हणा, ते ‘होतं’ लिहिते आणि आजोबांना पुण्याला नेऊन सोडते. पाठवण्याआधी एकदा वाचावे. चूक राहिलीच तर व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत मजकूर दुरुस्त करता येतो.

बोलीबद्दल एक पथ्य पाळावे. सांगणाऱ्याने आपले निवेदन साध्या मराठीत ठेवावे आणि बोली फक्त ज्याची त्याच्या तोंडी द्यावी. ‘लका’, ‘लई’, ‘बग की’ हे शब्द आपण वर्गमित्राशी बोलताना वापरतो तेव्हा ते घरचे असतात. तेच शब्द केवळ गावरान माणसाची नक्कल करण्यासाठी, तीही त्याला हसण्यासाठी वापरले तर वाचणाऱ्याला ते लगेच कळते. आजोबांचे ‘च्या’ मी ठेवले, कारण माझ्या वडिलांचेही तेच होते.

किस्सा सांगणाऱ्यानेच शेवटी हसरे चेहरे टाकू नयेत. हसायचे की नाही हे समोरच्यावर सोडावे.

ध्वनिमुद्रित निरोपांचा पर्याय अनेकांना सोपा वाटतो. आवाजाची नक्कल चांगली जमत असेल आणि निरोप मिनिटभराचा असेल तर त्याला तोड नाही. परंतु ऑफिसात किंवा लोकलमध्ये बसलेल्या माणसाला तो ऐकता येत नाही, आणि चार मिनिटांचा निरोप ‘नंतर ऐकू’ म्हणून जो बाजूला पडतो तो कायमचा.

पायरी पाचवी: वेळ

सकाळी सहा ते आठ ही वेळ फुलांची आणि सूर्योदयांची असते, त्या गर्दीत शिरू नये. आमच्याकडे रात्री साडेनऊनंतर खरी माणसे येतात. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे तिथला मित्र तेव्हा कामावरून नुकताच सुटलेला असतो आणि गाडीत बसण्याआधी हमखास वाचतो. ग्रुपवर कोणाच्या घरचे दुःख कळवले गेले असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही किस्सा खिशात ठेवावा. पहिला विनोद ज्याच्या घरी दुःख झाले त्याच्याकडून येऊ द्यावा. तो येतो, असा माझा अनुभव आहे.

पायरी सहावी: माणूस ओळखू येणार नाही याची काळजी

हा भाग मी ठेच खाऊन शिकलो. एका लग्नात माझ्या सासरच्या एका ज्येष्ठ नातलगांनी जिलेबीवरून आचाऱ्याशी जो वाद घातला तो मी वर्गमित्रांच्या ग्रुपवर लिहिला. किस्सा चांगला उतरला होता, हीच अडचण झाली. कोणालातरी तो फार आवडला, त्याने तो आपल्या भावकीच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कसा कोण जाणे आमच्याच पाहुण्यांच्या ग्रुपवर आला, आणि सौभाग्यवतींनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. नाव नव्हते, पण लग्नाची तारीख, कार्यालय आणि ‘कोल्हापूरहून आलेले मामा’ एवढे पुरेसे होते. त्या दिवाळीला त्या मामांकडचा फराळ आमच्या घरी आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः जाऊन, पायाला हात लावून, क्षमा मागितली. ते म्हणाले, “लिहिलंस ते लिहिलंस, जिलेबी कच्ची होती ते का न्हाई लिहिलंस?”

त्यानंतर मी काही नियम पाळतो. ग्रुपवर टाकलेली गोष्ट ग्रुपपुरती राहील असे धरून चालू नये. सर्वांसाठी निरोप पुसून टाकण्याची सोय जेमतेम दोन दिवस असते, आणि तोवर कोणी त्याची नक्कल करून घेतली असेल तर पुसून काही उपयोग नसतो. नाते, गाव, तारीख आणि ठिकाण या चारांपैकी दोन तरी बदलावीत किंवा गाळावीत. अनोळखी माणसाचा फोटो न विचारता काढू नये. आजोबांचा मी काढला नाही, आणि ग्रुपवर तीन जणांनी मागितला तेव्हा ‘धोतर, टोपी, फोन’ एवढ्यावरच भागवायला सांगितले. दुसऱ्याचे आजारपण, पैशाची अडचण, मुलांचे गुण आणि सुनेचे वागणे हे विषय किश्शाचे नव्हेत, ते कितीही रंगत असले तरी.

स्वतःची फजिती मात्र हवी तितकी सांगावी. त्यासारखा सुरक्षित माल दुसरा नाही.

पायरी सातवी: हुंकार

जुन्या काळी रात्री गोष्ट सांगणाऱ्या आज्जीची एकच अट असायची की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा; हुंकार थांबला की गोष्ट थांबली. लेखी गप्पांत ही अट कोणी घालत नाही, म्हणून सांगणारे थकतात. अंगठा दाखवणे हा हुंकार खरा, पण तो झोपेतला. खरा हुंकार म्हणजे एक लहान प्रश्न, आणि तोही त्या किश्शातल्याच एखाद्या वस्तूबद्दल. ‘टोपी पांढरी का काळी?’ असे विचारणाऱ्याने किस्सा वाचला आहे, हे सांगणाऱ्याला कळते.

दाद देताना एक खोड टाळावी, ती म्हणजे ‘हे तर काहीच नाही, माझ्याकडे ऐक’ म्हणून स्वतःचा मोठा किस्सा लगेच पुढे करण्याची. चावडीवर ते खपते, कारण तिथे पहिल्याचा आवाज अजून चालू असतो. लेखी गप्पांत दुसरा किस्सा पहिल्याच्या डोक्यावर बसतो आणि तो वर ढकलला जातो. दहा मिनिटे थांबावे. उत्तर देताना मूळ निरोप बोटाने सरकवून त्यालाच जोडून द्यावे, म्हणजे मध्ये कोणी गॅस सिलिंडरचा विषय काढला तरी धागा तुटत नाही.

जे कधीच बोलत नाहीत त्यांना बोलते करण्याचा एकच मार्ग मला सापडला आहे: ज्याचे उत्तर फक्त त्यांनाच माहीत आहे असा प्रश्न त्यांना विचारावा. ‘सगळे कसे आहात?’ याला कोणी उत्तर देत नाही, कारण तो प्रश्न कोणालाच विचारलेला नसतो. आमच्यातला हरिपूरचा एक मित्र तीन वर्षे गप्प होता. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते, त्यावर कधीतरी गप्पा चालू असताना मी त्याचे नाव घेऊन विचारले की तुमच्याकडच्या पेवात माणूस उतरायचा तो आधी काय करायचा? पेव म्हणजे हळद साठवण्याचे जमिनीतले खोल कोठार. हरिपूरच्या मातीत ती पिढ्यान्‌पिढ्या खणली गेली, आणि २००५ च्या पुराचे पाणी शिरून त्यातली पुष्कळ निकामी झाली. मित्राने त्या रात्री फोनवर बोट चालवत पाऊण तास लिहिले. पेवाचे तोंड उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी उतरायचे नाही, वडील पोरांना काठापासून लांब उभे करायचे आणि तरी पोरे वाकून बघायचीच, उघडल्या पेवाचा वास आठवडाभर शाळेच्या दप्तराला यायचा. शेवटी त्याने लिहिले, ‘तू माझ्या बाकावर बसायचास, तुझ्या पण दप्तराला येत असणार.’ मला तो वास आठवत नव्हता. मी तसे लिहिले नाही, ‘कसा होता?’ एवढेच विचारले, आणि त्याने पुन्हा लिहायला घेतले.

पायरी आठवी: पाणी खरोखर चढते तेव्हा

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या आठवड्यात आमचा गप्पांचा ग्रुप एका रात्रीत निरोप्यांचा ग्रुप झाला, आणि तेव्हा शिकलेला नियम मी आजही मोडत नाही. गप्पा आणि माहिती यांची भेसळ होऊ द्यायची नाही. पाण्याचा आकडा लिहायचा तर तो किती वाजताचा आणि कोणी सांगितलेला, हे त्याच ओळीत लिहावे. ‘आताच कळले’ असे लिहू नये, कारण तो निरोप सहा तासांनी दुसरीकडे पोहोचतो आणि तिथेही ते ‘आताच’ होते. धरण फुटल्याच्या अफवा दर पुरात उठतात. फिरून फिरून आलेल्या निरोपावर ॲप दुहेरी बाणाची खूण दाखवते आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे धाडू देते, ती खूण दिसली की पुढे पाठवण्याआधी प्रशासनाच्या आकड्याशी ताडून पाहावे.

अशा वेळी विनोद करावा का, असे मला अनेकांनी विचारले आहे. माझे मत असे की ज्याच्या घरात पाणी आहे त्यानेच करावा. त्या आठवड्यात गावभागातल्या एका मित्राने वरच्या मजल्यावरून लिहिले होते, ‘खाली गाद्या तरंगतायत. आई म्हणतेय, तरी सांगत हुते, उन्हात टाका म्हणून.’ आम्ही कोरड्या घरांत बसलेले लोक त्यावर हसलो, पण तशी ओळ आमच्यापैकी कोणी लिहिली असती तर त्याला ग्रुपमधून हाकलले असते.

पायरी नववी: दुरुस्ती

किस्सा सांगताना थोडे मीठ-मसाला चालतो, असे बहुतेक जण मानतात. मला विचाराल तर बोललेल्या वाक्याला हात लावू नये आणि आकड्याला तर मुळीच लावू नये. क्रम बदलावा, गाळावे, पण घालू नये, कारण मित्र घातलेले ओळखतात आणि मग पुढच्या खऱ्या गोष्टीलाही ‘सोडतोय’ म्हणतात. आणि आपली चूक निघाली तर मूळ मजकूर गुपचूप बदलण्यापेक्षा खाली नवी ओळ लिहावी.

आजोबांच्या किश्शाबाबत हेच झाले. रात्री सगळे झोपायला निघाले असताना आमच्यातला एक जण, ज्याला पावसाळ्यात रोजचे आकडे वहीत उतरवण्याची सवय आहे, त्याने लिहिले की तू सांगतोस ते जमत नाही. त्या सकाळी पुलापाशी पाणी बत्तीस फुटांवर होते आणि आदल्या रात्रीपासून चढत होते. मी टिपलेला निरोप काढून पाहिला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी स्वतःलाच पाठवलेल्या ओळीत एकोणतीस असेच होते, काल एकतीस असेही होते. आजोबांना पट्टी नीट दिसली नसेल, असे एकाने सुचवले. पुण्याची मैत्रीण बराच वेळ काही लिहीत होती आणि पुसत होती, तिच्या नावापुढे ते दिसत होते. शेवटी तिने एवढेच लिहिले, ‘त्यांना पट्टी चांगली दिसत होती.’

किस्सा मी बदलला नाही. खाली एक ओळ जोडली: ‘त्या सकाळी पाणी बत्तीस होतं.’